मॉडेलच्या आधी मोजमाप: पाणलोटाचं निरीक्षण आणि पाण्याचं मॉडेल, पायरी पायरीने

पाण्याचं मॉडेल, म्हणजे पाऊस, प्रवाह आणि भूजल यांचं संगणकावरचं गणित, शिकायचं ठरवलं की बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर उतरवून घेतात. मग उपग्रहाचा डेटा येतो, रंगीत नकाशे तयार होतात, आणि महिनाभरात स्क्रीनवर नदी वाहायला लागते. तोवर पाणलोटातल्या एकाही ओढ्यात कोणी पाय बुडवलेला नसतो. हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. इथे दिलेला क्रम उलटा आहे: आधी प्रश्न, मग कागदावरचा ताळेबंद, मग मोजमाप, आणि मॉडेल त्यानंतर. मोजमापावर जास्त जागा खर्च केली आहे, कारण मॉडेल फसतं ते बहुधा तिथेच.

प्रश्न एका वाक्यात लिहा

"पाणलोटाचा अभ्यास करायचा आहे" हा प्रश्न नव्हे. ज्याच्या उत्तरावरून कोणीतरी काहीतरी वेगळं करेल, तो प्रश्न. धरणाच्या वरच्या अंगाला जंगल तुटून शेती आली तर गाळ किती वाढेल? कोरड्या महिन्यांत नदीत किमान किती पाणी राहिलं तर मासे तगतील? या भूजलावर आणखी विहिरींचा भार झेपेल का?

प्रश्न ठरला की अर्धी आखणी आपोआप होते. छोट्या पाणलोटातल्या पुरासाठी तासाचा किंवा त्याहून बारीक पाऊस लागतो, दिवसाचा आकडा तिथे निरुपयोगी. भूजलासाठी महिन्याच्या नोंदीही चालतात, पण त्या बऱ्याच वर्षांच्या हव्यात. गाळाची गोष्ट आणखी वेगळी. वर्षभरातला बहुतांश गाळ मोजक्या पुरांत वाहून जातो, त्यामुळे दर सोमवारी शिस्तीने भरलेल्या बाटल्या नेमक्या तेवढ्याच घटना चुकवतात. किती अचूकता पुरेल, हेही आत्ताच लिहून ठेवा. निर्णय २० टक्के इकडेतिकडे झाल्याने बदलणार नसेल, तर ५ टक्क्यांच्या अचूकतेसाठी दोन वर्षं घालवू नका.

हद्द आखा आणि ती चालून तपासा

पाणलोटाची हद्द आज उंचीच्या डिजिटल नकाशावरून काढतात. फेब्रुवारी २००० मधल्या शटल मोहिमेतून आलेला एसआरटीएम आणि त्यानंतरचा कोपर्निकस, हे दोन्ही सुमारे ३० मीटरच्या चौकटींत मोफत मिळतात. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये क्रम ठरलेला आहे: नकाशातले खोटे खड्डे भरायचे, प्रत्येक चौकटीची प्रवाहदिशा काढायची, वरून किती चौकटींचं पाणी येतं ते मोजायचं, निर्गमबिंदू (पाणलोटाचं पाणी जिथून बाहेर पडतं ती जागा) ठेवायचा, आणि त्याच्या वरचं सगळं क्षेत्र वेगळं करायचं. निर्गमबिंदू अशा जागी ठेवा जिथे तुम्ही प्रत्यक्ष विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी, मोजू शकता. हा बिंदू प्रवाहाच्या चौकटीपासून एक घर जरी सरकला, तरी अख्ख्या पाणलोटाऐवजी काठावरचा एक तुकडाच हाती येतो.

हे नकाशे रडारने बनलेले आहेत. दाट झाडीत त्यांना जमिनीपेक्षा शेंड्यांच्या जवळची उंची दिसते. सपाट प्रदेशात दोन-तीन मीटरच्या चुकीने हद्द कुठच्या कुठे जाते. रस्त्याचा भराव, कालवा, मोरी या गोष्टी तर त्यांना जवळपास कळतच नाहीत. म्हणून सीमेवरच्या शंकास्पद जागा पायी बघा, शक्य असेल तर पाऊस चालू असताना. शिवाय जमिनीखालच्या पाण्याची हद्द वरच्या हद्दीशी जुळेलच असं नाही, आणि चुनखडीच्या प्रदेशात तर ती क्वचितच जुळते.

कागदावरचा ताळेबंद

मॉडेलच्या सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी एका पानावर हिशेब मांडा. पाऊस म्हणजे वाहून गेलेलं पाणी, अधिक बाष्पोत्सर्जन (जमीन आणि झाडं यांतून वाफ होऊन जाणारं पाणी), अधिक साठ्यातला बदल. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० घनमीटर पाणी, एवढं रूपांतर तोंडपाठ असू द्या.

समजा पाणलोट १२ चौरस किलोमीटरचा आहे, वर्षाचा पाऊस ९०० मिलिमीटर, निर्गमबिंदूवरून गेलेलं पाणी २५० आणि बाष्पोत्सर्जन ६००. उरले ५० मिलिमीटर, आणि तेवढं भूजल साठ्यात वाढलं असं अहवालात लिहायचा मोह होतो. पण पर्जन्यमापकाची नोंद फक्त १० टक्क्यांनी कमी असेल, तर चूक ९० मिलिमीटरची, म्हणजे जो आकडा शोधायचा होता त्याच्या जवळपास दुप्पट! वजाबाकीतून काढलेल्या राशीत बाकी सगळ्यांच्या चुका गोळा होतात. म्हणून जी राशी तुमच्या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आहे, ती वजाबाकीतून काढू नका, स्वतंत्रपणे मोजा.

बाष्पोत्सर्जनाबद्दल एक सावधगिरी. अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेतली पेनमन-माँटीथ पद्धत सर्वत्र वापरली जाते. ती तापमान, आर्द्रता, वारा आणि सौर किरणोत्सर्ग यांवरून 'संदर्भ' बाष्पोत्सर्जन देते, म्हणजे पाण्याची चणचण नसलेल्या, एकसारख्या आखूड गवताचं. कोरड्या जमिनीवरचं खरं बाष्पोत्सर्जन त्याहून बरंच कमी असू शकतं. संदर्भ आकडाच ताळेबंदात टाकला, तर पावसापेक्षा वाफ जास्त निघते आणि मग सगळे गोंधळतात.

पाऊस आणि प्रवाह

पर्जन्यमापकाची जागा निवडताना जुना नियम पाळा: आजूबाजूच्या झाडाची किंवा भिंतीची, मापकाच्या तोंडापासून मोजलेली जेवढी उंची, त्याच्या निदान दुप्पट अंतर. वाऱ्यामुळे मापक नेहमी थोडा कमीच पाऊस पकडतो. झुलत्या बादलीचा स्वयंचलित मापक मुसळधार पावसात आणखी मागे पडतो, कारण बादली उलटत असताना येणारं पाणी मोजणीतून सुटतं. त्याच्या शेजारी एक साधा साठवणीचा मापक ठेवा आणि दोघांच्या बेरजा दर महिन्याला ताडून बघा. नरसाळ्यात पान अडकलं तर यंत्र तक्रार करत नाही, निमूटपणे शून्य नोंदवत राहतं.

प्रवाहाचं मोजमाप जास्त कष्टाचं. सतत मोजता येते ती पाण्याची पातळी, आणि आपल्याला हवा असतो विसर्ग. या दोघांना जोडणारा विसर्ग-वक्र तुम्हालाच तयार करावा लागतो.

सरळ, एकसारखा, झाडोरा नसलेला पट्टा निवडा. काठावर पक्की मोजपट्टी रोवा आणि तिचा शून्य जवळच्या न हलणाऱ्या खडकाशी किंवा बांधकामाशी लेव्हलिंग करून जोडून ठेवा, म्हणजे पुरात पट्टी वाकली तरी शून्य हरवत नाही. आता एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत प्रवाहाला काटकोनात दोरी ताणा. दोरीवर साधारण वीस ठिकाणी थांबून खोली आणि वेग मोजा. उथळ पाण्यात प्रवाहमापक पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ वर धरायचा. पाणी पाऊण मीटरहून खोल असेल तर ०.२ आणि ०.८ वर दोन वाचनं घेऊन सरासरी काढायची. या ठिकाणांनी पात्राच्या उभ्या पट्ट्या पडतात. प्रत्येक पट्टीची रुंदी गुणिले खोली गुणिले वेग, आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे विसर्ग. एकाच पट्टीतून एकूण प्रवाहाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी जात असेल, तर तिथे पट्ट्या आणखी बारीक करा. प्रवाहमापक नसेल किंवा पुरात उतरणं धोक्याचं असेल, तर तरंगत्या वस्तूने पृष्ठवेग काढून त्याला सुमारे ०.८५ ने गुणतात. हा अंदाज कच्चा असला तरी पुराच्या दिवशी काहीच हाती नसण्यापेक्षा बरा.

असं वेगवेगळ्या पातळ्यांवर मोजलं की वक्र बनतो. लॉग कागदावर तो बहुधा सरळ रेषेजवळ बसतो. इथे एक खोच आहे. पुरात मोजायला कोणी जात नाही, त्यामुळे वक्राचं वरचं टोक जवळजवळ नेहमी रेघ पुढे ओढून काढलेलं असतं. दुसऱ्या कोणाचा विसर्गाचा डेटा वापरत असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा: प्रत्यक्ष मोजलेला सर्वांत मोठा विसर्ग कोणता? त्याच्या वरचे सगळे 'निरीक्षित' पूर हे खरं तर दुसऱ्या एका मॉडेलचं उत्पादन असतं. मोठ्या पुरानंतर तळ खरवडला जातो किंवा गाळाने भरतो, तेव्हा वक्र पुन्हा तपासावाच लागतो.

भूजल

निरीक्षणासाठी शक्यतो उपसा नसलेली विहीर घ्या. ते जमलं नाही तर पंप थांबून पातळी सावरल्यावरच मोजा. काठावर रंगाने खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. विहिरीत सोडायचे दाबमापक लॉगर (दाबावरून पातळीची आपोआप नोंद ठेवणारी यंत्रं) सोयीचे असले, तरी साध्या प्रकारचे लॉगर पाण्याबरोबर हवेचाही दाब मोजतात. एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास एक सेंटीमीटर पाणी. हवामान बदलून दाब १५ हेक्टोपास्कलने पडला, की विहिरीत काहीही न होता आलेखावर १५ सेंटीमीटरची घट दिसते. म्हणून जवळपास एक हवेचा दाबमापक ठेवून त्याची नोंद वजा करा.

पुनर्भरण काढायची सोपी वाट म्हणजे पातळीतली वाढ गुणिले खडकाचं विशिष्ट उत्पादन, म्हणजे पाण्याने भरलेल्या खडकाच्या आकारमानापैकी जेवढा हिस्सा पाणी म्हणून निचरून मिळतो तो. कठीण खडकात पातळी ४ मीटर चढली आणि विशिष्ट उत्पादन ०.०२ धरलं, तर पुनर्भरण ८० मिलिमीटर. तेच ०.०३ धरलं तर १२०. मोजलेली पातळी सेंटीमीटरपर्यंत बिनचूक असूनही उत्तरात दीडपट फरक पडला, आणि तो फरक कोष्टकातून उचललेल्या एका आकड्याने पाडला. तो आकडा पंपिंग चाचणी करून त्याच जागी काढणं, हा पैशांचा यापेक्षा चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

पाण्याची गुणवत्ता

तापमान, पीएच, विद्युतवाहकता, गढूळपणा आणि विरघळलेला ऑक्सिजन, ही पाच मोजमापं जागेवरच घ्यायची असतात. पीएच मीटर निघण्याआधी प्रमाण द्रावणांवर लावून घ्या, आणि परतल्यावर पुन्हा तपासा, म्हणजे दिवसभरात यंत्र किती सरकलं ते कळतं.

ऑक्सिजनच्या बाबतीत वेळ फार महत्त्वाची. २० अंश सेल्सियसला समुद्रसपाटीवरच्या गोड्या पाण्यात तो सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्रति लिटर मावतो, ३० अंशांना सुमारे ७.६. पण शेवाळ माजलेल्या पाण्यात दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे तो त्याच्याही वर जातो आणि पहाटे तळाला येतो. मासे मरतात ते पहाटे. नमुने घेणारी माणसं पोचतात अकरा वाजता, म्हणून अहवालात नदी निरोगी दिसते. एकदा तरी पूर्ण २४ तासांची नोंद घ्या.

गाळासाठी गढूळपणाचा संवेदक सतत चालू ठेवायचा आणि पुरांमध्ये बाटलीत घेतलेल्या नमुन्यांवरून गढूळपणा व गाळ यांचं नातं बसवायचं. हे नातं प्रत्येक जागेचं वेगळं असतं, शेजारच्या नदीचं उसनं घेता येत नाही. प्रयोगशाळेत पाठवायच्या नमुन्यांत दर दहामागे एक जोड-नमुना (त्याच जागी, त्याच वेळी घेतलेला दुसरा नमुना) आणि एक शुद्ध पाण्याची बाटली मिसळली, की प्रयोगशाळेचीही परीक्षा होते.

उपग्रह कुठे कामाचा

जमिनीवर एकच मापक आणि पाणलोट मोठा, तेव्हा उपग्रहाला पर्याय नाही. लँडसॅटच्या प्रतिमा १९७२ पासून आहेत, सेंटिनल-२ च्या जोडीची प्रतिमा १० मीटरपर्यंत बारीक आणि दर पाच दिवसांनी येते. जलाशयांचं पसरलेलं क्षेत्र, पिकांचा पट्टा, जंगलाची घट यासाठी ही उत्तम, फक्त ढगाळ महिन्यांत ती नेमकी आंधळी होते. मग सेंटिनल-१ चं रडार घ्यायचं. पावसासाठी १९८१ पासूनचा चर्प्स आणि अर्ध्या तासाचा आयमर्ग हे दोन संच लोकप्रिय आहेत. दोन्ही वापरण्याआधी आपल्या मापकाशी महिन्याच्या बेरजा जुळवून बघा, विशेषतः डोंगराळ भागात. गुरुत्वाकर्षणावरून साठा ओळखणारे ग्रेस उपग्रह मोठ्या खोऱ्यांसाठी आहेत. १२ चौरस किलोमीटरच्या पाणलोटाबद्दल ते काहीही सांगू शकत नाहीत, कितीही सुंदर नकाशा निघाला तरी.

डेटा साफ करताना मूळ फाइल कधीही बदलू नका, दुरुस्त्या वेगळ्या प्रतीत आणि कारणासह करा. रिकामी नोंद म्हणजे शून्य पाऊस नव्हे, हा गोंधळ अजूनही रोज होतो. आणि 'दिवस' कधी सुरू होतो ते तपासा: मापक सकाळी वाचला जातो, उपग्रहाचा दिवस जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्री बदलतो. हे न जुळवल्यास पूर पावसाच्या आदल्या दिवशी येतो.

मॉडेल निवडा, मग हाताने एकदा सोडवा

एका पावसाचा पूर काढायचा असेल तर अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाचं एचईसी-एचएमएस, आणि तो पूर जमिनीवर कुठवर पसरेल यासाठी एचईसी-रास. जमिनीचा वापर, गाळ, खतं, वर्षानुवर्षांचा ताळेबंद असेल तर स्वॅट. भूजलासाठी अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेने १९८४ मध्ये आणलेलं आणि आजवर सुधारत नेलेलं मॉडफ्लो. सगळी मोफत आहेत. तुमच्या प्रश्नाला पुरेल तेवढं साधं मॉडेल घ्या. जे गुणांक (मॉडेलमधले आपण ठरवायचे आकडे) तपासायला डेटाच नाही, ते वाढवून अचूकता वाढत नाही.

एचएमएस आणि स्वॅट दोन्हींत मिळणारी कर्व्ह नंबर पद्धत हाताने सोडवून बघण्यासारखी आहे. कर्व्ह नंबर म्हणजे माती आणि जमिनीचा वापर यांवरून कोष्टकातून घ्यायचा आकडा; तो जितका मोठा, तितकं जास्त पाणी वाहून जातं. मुरण्याची क्षमता मिलिमीटरमध्ये म्हणजे २५,४०० भागिले कर्व्ह नंबर, वजा २५४. या क्षमतेचा पाचवा हिस्सा पाऊस सुरुवातीलाच जमिनीत आणि झाडोऱ्यात जिरतो असं धरतात. तो वजा करून उरलेल्या पावसाचा वर्ग करायचा, आणि त्याला 'एकूण पाऊस अधिक क्षमतेच्या ०.८ पट' ने भागायचं.

पाऊस ८० मिलिमीटर, कर्व्ह नंबर ७५. क्षमता ८४.७, सुरुवातीची जिरवण १६.९, आणि वाहून जाणारं पाणी सुमारे २७ मिलिमीटर. आपल्या १२ चौरस किलोमीटरवर ते झालं सव्वातीन लाख घनमीटरच्या आसपास. आता फक्त कर्व्ह नंबर ८० करा: उत्तर ३४.६ मिलिमीटर, म्हणजे जवळपास २९ टक्के वाढ. कर्व्ह नंबर पुन्हा ७५ ठेवून पाऊस १० टक्क्यांनी वाढवून ८८ करा: उत्तर ३२.४, वाढ २० टक्के. पर्जन्यमापकाची १० टक्क्यांची चूक ओढ्यापर्यंत पोचताना दुप्पट होते. कोष्टकातला नंबर दोन जाणकारांनी पाच अंकांनी वेगळा वाचणं तर अगदी सहज घडतं.

कॅलिब्रेशन

कॅलिब्रेशन म्हणजे मॉडेलचं उत्तर मोजमापाशी जुळेल असे गुणांक बसवणं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मॉडेलला रुळू द्या, ती हिशेबात धरू नका. मग कोणते गुणांक उत्तर खरोखर हलवतात ते तपासा आणि तेवढ्यांनाच हात लावा. आधी वर्षाचा एकूण ताळेबंद जुळवा, नंतर कोरड्या काळातला प्रवाह, शेवटी पुरांचे माथे. हा क्रम उलटा केला की माथे जुळतात आणि वर्षाचं पाणी हरवतं.

जुळणी मोजायला नॅश आणि सटक्लिफ यांनी १९७० मध्ये दिलेला निर्देशांक वापरतात. १ म्हणजे तंतोतंत, ० म्हणजे सरासरीचा एकच आकडा रोज सांगण्याइतपत. मोरियासी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मासिक विसर्गासाठी ०.५ च्या वर आणि एकूण तफावत २५ टक्क्यांच्या आत, हा समाधानकारकचा उंबरठा सुचवला. पण जिथे ओला आणि कोरडा ऋतू स्पष्ट वेगळे आहेत, तिथे हा निर्देशांक फार लवकर खूश होतो. प्रत्येक महिन्याची दीर्घकालीन सरासरी 'अंदाज' म्हणून द्या आणि तिचा निर्देशांक काढा. तुमचं मॉडेल त्याच्याही पुढे जात नसेल, तर त्याने कॅलेंडरपलीकडे काही शिकलेलं नाही. शिवाय हा निर्देशांक मोठ्या प्रवाहांकडे झुकतो. प्रश्न कोरड्या महिन्यांचा असेल तर विसर्गाचा लॉग घेऊन तो पुन्हा काढा.

पडताळणीसाठी जलशास्त्रज्ञ क्लेमेश यांनी १९८६ मध्ये सुचवलेली कसोटी मला सर्वांत प्रामाणिक वाटते: ओल्या वर्षांवर कॅलिब्रेशन, कोरड्या वर्षांवर परीक्षा, आणि उलट. बदलत्या हवामानाबद्दल बोलायचं असेल तर एवढं तरी पार पडायलाच हवं. अनेक वेगवेगळे गुणांकसंच सारखीच चांगली जुळणी देतात, याकडे जलशास्त्रज्ञ कीथ बेव्हन यांनी वारंवार लक्ष वेधलं आहे. म्हणून एकच 'सर्वोत्तम' संच न ठेवता, चांगले ठरलेले सगळे संच पुढे न्या.

निर्णयापर्यंत नेताना

जंगल राहिलं तर आणि तुटलं तर, अशा दोन परिस्थिती त्याच पावसावर, त्याच सगळ्या गुणांकसंचांनी चालवा आणि फरक बघा. दोन धावांतल्या समान चुका बऱ्याच अंशी एकमेकींना काटतात, त्यामुळे हा फरक नुसत्या आकड्यापेक्षा भरवशाचा असतो. निकाल पट्ट्यात सांगा: "गाळ १५ ते ४० टक्के वाढेल" असं. बैठकीत कोणीतरी "नक्की आकडा सांगा" म्हणेलच. तेव्हा पट्ट्याच्या दोन्ही टोकांना निर्णय तोच राहतो का, ते दाखवा. राहत असेल तर वाद मिटला. बदलत असेल तर कोणत्या मोजमापाने पट्टा सर्वांत जास्त आवळेल ते सांगा आणि त्यासाठी पैसे मागा.

निर्णय झाल्यावर मापक काढू नका. मोठ्या पुरानंतर विसर्ग-वक्र, वर्षातून एकदा मोजपट्टीचा शून्य, आणि दर फेरीत लॉगरचं घड्याळ व बॅटरी तपासा. वर्षाचा नवा डेटा आला की आधी जुन्याच गुणांकांवर मॉडेल चालवा, तफावत तारखेसह लिहून ठेवा, आणि त्यानंतरच गुणांकांना हात लावा.